टॅप्स कॉलनीत एक मुक्काम: आधी पास, मग पंचांग

मुंबईतल्या मराठी घरांत तारापूरला नोकरीला असलेला एखादा मामा, काका नाहीतर मावसभाऊ बहुधा निघतोच. ‘एकदा सगळे या राहायला, समुद्र आहे, मोकळी हवा आहे’ असं आमंत्रण त्यांच्याकडून दर दिवाळीला येतं. मग एखाद्या शनिवारी चार मोठी माणसं, दोन-तीन मुलं आणि एक आजी असा लवाजमा निघतो. तयारी मात्र अलिबागच्या हॉटेलात जायची केलेली असते, आणि तिथेच चुकतं. टॅप्सच्या, म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या, वसाहतीतला मुक्काम तीन वेळांवर चालतो: फाटकावरच्या पासाची, यजमानाच्या पाळीची आणि भरतीची. या तिन्ही घरूनच जुळवून निघालात तर दीड दिवस पुरून उरतो. नाही जुळवल्या तर निम्मा वेळ फाटकावर आणि उरलेला ओसरलेल्या पाण्याकडे बघण्यात जातो.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘समुद्राकाठची कॉलनी’ म्हटलं की खिडकीतून लाटा दिसतील असं मुलांना सांगितलं जातं. तसं नाही. अणुवीज केंद्र समुद्राला लागून आहे. टॅप्स कॉलनी मात्र आत, बोईसरच्या बाजूला आहे, आणि त्यामागे कारण आहे. तारापूरसारख्या जुन्या केंद्रांभोवती १.६ किलोमीटरपर्यंत वर्जित क्षेत्र असतं, तिथे वस्ती चालत नाही. ५ किलोमीटरपर्यंत आधीच्या गावांची आपसूक होणारी वाढ चालते, पण नवी मोठी वस्ती उभी करता येत नाही. त्याच्या पलीकडे १६ किलोमीटरपर्यंतचा पट्टा आणीबाणीच्या नियोजनात धरलेला असतो. कर्मचाऱ्यांची घरं, शाळा, दवाखाना हे सगळं लांब नेलेलं असतं ते याच हिशेबाने. त्यामुळे कॉलनीतून किनाऱ्यावर जायचं तर गाडी किंवा रिक्षा लागते. चिंचणीसाठी अर्धा तास धरून चालावं.

आता पास. पाहुण्यांची नोंद यजमानालाच करावी लागते, आणि ती तुम्ही फाटकावर पोचल्यावर नव्हे, आधी. त्यासाठी त्यांना दोन-तीन दिवस आधी इतकं पाठवा: प्रत्येकाचं ओळखपत्रावर आहे तसंच पूर्ण नाव, वय, नातं, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, गाडी असेल तर गाडीचा क्रमांक आणि चालवणाऱ्याचा परवाना. अडतं ते बहुतेक वेळा नावावरून. घरात सगळे ‘बंटी’ म्हणतात म्हणून यजमानाने यादीत बंटी लिहिलं आणि आधारवर वेगळंच नाव निघालं, की तपासणी थांबते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीतही असंच होतं. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. फोनमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका. लहान मुलांचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्र घ्या. पाहुण्यांत कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर निदान आठवडाभर आधी विचारणा करा. परदेशी नागरिक मुक्कामाला राहिला की त्याची नोंद सरकारकडे करावी लागते, आणि अशा वसाहतीत त्याच्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते. आयत्या वेळी भाड्याची गाडी बदलली, तर नवा क्रमांक लगेच कळवा. यादीतल्या क्रमांकापेक्षा वेगळी गाडी दारात आली की सगळ्यांना उतरावं लागतं, आणि उन्हात आजींना फाटकाशी बसवून ठेवण्याची वेळ येते.

ड्रोन घरीच ठेवा. दुर्बीण आणि मोठ्या लेन्सचा कॅमेराही शक्यतो नको. कॉलनीच्या बागेत मुलांचे फोटो काढायचे तर आधी यजमानांना विचारा. फाटक, पहारा, कुंपण आणि प्रकल्पाची दिशा चौकटीत येऊ द्यायची नाही. केंद्राचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असतो. त्या जवानांशी हुज्जत घातली तर तुम्ही रविवारी घरी जाता, पण उत्तरं यजमानाला सोमवारी द्यावी लागतात. आमच्या मते या मुक्कामाचा हा पहिला शिष्टाचार आहे: नियम तुमच्यासाठी असले तरी मोडल्याचा भार यजमानावर पडतो.

‘प्रकल्प आतून दाखवाल का?’ हा प्रश्न टाळाच. घरच्या पाहुण्यांना आत नेता येत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींसाठी लेखी परवानगीची स्वतंत्र वाट असते, आणि ती कुटुंबाच्या मुक्कामाच्या कामाची नाही.

दुसरी वेळ पाळीची. वीजकेंद्र रात्रंदिवस चालतं, म्हणून चालवणारी माणसं तीन पाळ्यांत काम करतात. कार्यालयीन कामाची माणसं जनरल पाळीत असतात. आमंत्रण स्वीकारण्याआधी ‘तुमची पाळी कधी आहे?’ हे विचारायलाच हवं. यजमानाची रात्रपाळी चालू असताना गेलात तर तो सकाळी घरी येऊन झोपणार, आणि तुमची मुलं त्याच वेळी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये क्रिकेट खेळणार. सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे रात्रपाळ्या संपल्यावर मिळणारी सुट्टी, तीही पहिला दिवस झोपेचा सोडून दुसरी. शेजारीही पाळीवरच असतात. म्हणून दुपारी कॉलनीच्या जिन्यात आरडाओरडा करू नये. भरदुपारी कुणाची तरी रात्र चालू असते.

गेस्ट हाऊस मिळणार असेल तर जरूर घ्या, सहाच्या वर माणसं असतील तर हट्टाने घ्या. खोली कर्मचाऱ्याच्याच नावावर नोंदवली जाते, तेव्हा पैसे तुम्ही आधीच त्यांच्या हातात द्या, निघताना ओढाताण नको. जेवणाचा आकडा आधी सांगावा लागतो, कारण स्वयंपाक मोजूनच होतो. रात्री किती ताटं हे दुपारीच आणि सकाळच्या नाश्त्याचं रात्रीच सांगून टाका. ऐनवेळी दोन ताटं वाढवली तर पोळ्या कमी पडतात, आणि कॉलनीत रात्री उशिरा जेवण मिळेल असं काही उघडं नसतं. क्वार्टरमध्येच राहणार असाल तर पाणी किती वाजता येतं ते विचारून घ्या, आणि अंथरूण-पांघरूण, दोन चादरी, उशांचे अभ्रे बरोबर न्या. सहा पाहुण्यांच्या चादरी धुणं हे यजमानीण बाईंचं सोमवारचं काम होऊ नये.

जायचं कसं? लोकलने गेलात तर सगळ्यात बरं. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल २०१३ साली सुरू झाली. विरारहून बोईसरला पाऊण ते एक तास लागतो, चर्चगेटहून थेट गाडी मिळाली तर सव्वादोन-अडीच तास धरा. अडचण वेळेची नाही, फेऱ्यांची आहे. विरार-डहाणू पट्ट्यात वर्षानुवर्षं दोनच मार्गिका आहेत, आणि त्यांवरूनच राजधानी, मालगाड्या, गुजरातकडच्या गाड्या आणि लोकल सगळं जातं. चौपदरीकरणाचं काम त्यासाठीच काढलं आहे. एक मेल-एक्स्प्रेस मागे पडली की लोकल सायडिंगला थांबते, आणि एक लोकल चुकली तर पुढची पंधरा मिनिटांत येईल ही मुंबईची सवय इथे चालत नाही. तासभर आणि कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. म्हणून जाताना आणि येताना दोन-दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा: धरायची ती आणि चुकली तर पुढची. रविवारी मुंबईच्या बाजूला जम्बो ब्लॉक असेल तर विरारपासून पुढचा प्रवास लांबतो, तेही शनिवारी रात्रीच बघून ठेवा.

गाडीने जायचं तर घोडबंदरपुढचा वसई खाडीवरचा पूल ओलांडून अहमदाबाद महामार्गाने मनोरच्या पुढे चिल्हार फाट्यापर्यंत, तिथून डावीकडे बोईसर. फाट्यापासून बोईसर साधारण वीस किलोमीटर. या तुकड्यात तारापूर औद्योगिक वसाहतीचे टँकर आणि ट्रक सतत असतात, म्हणून अंधारात, पहिल्यांदा आणि पावसात हा रस्ता घेऊ नका. शनिवारी सकाळी सातच्या आत बोरिवली सोडली तर पूल सुटसुटीत मिळतो. दहानंतर निघालात तर दोन तासांचे चार होऊ शकतात.

आता समुद्र. या मुक्कामात सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा, कारण पालघरचा किनारा जुहूसारखा नाही. इथे उतार अगदी कमी आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की आलेली माणसं ‘समुद्र कुठे आहे?’ असं विचारतात, आणि भरतीला तेच पाणी सुरूच्या झाडांजवळ येतं.

भरतीची वेळ काढायचा जुना कोकणी हिशेब कॅलेंडरवरून करता येतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजणी. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि दोन भरत्यांच्या मधोमध, सव्वासहा तासांनी, पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे. खरी वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, आणि मुंबईच्या उत्तरेला भरती थोडी उशिरा लागते. निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं तक्तं बघाच. पण तारीख ठरवताना, म्हणजे तीन आठवडे आधी, हा पाऊणपटीचा हिशेब फार कामाचा आहे.

कारण तारीख त्यावरच ठरवायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटर आणि कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. दुपारी बाराच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. म्हणजे तुम्ही चहा पिऊन किनाऱ्यावर पोचाल तेव्हा पाणी सगळ्यात लांब गेलेलं असेल, मुलं त्याच्या मागे चालत जातील, आणि ते परत यायला लागेल तेव्हा अंधार पडत असेल. लहान मुलं बरोबर असताना ही सगळ्यात वाईट जुळणी आहे. याउलट अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी असते. फरक उधाणाच्या निम्म्याहूनही कमी, आणि संध्याकाळी सहा-सातला पाणी भरलेलं, जवळ आणि तुलनेने शांत. मुलांना पावलं बुडवायची असतील, आजींना काठावर बसून पाणी बघायचं असेल, तर शनिवारी सप्तमी, अष्टमी किंवा नवमी येते असा आठवडा निवडा. शिंपले-खेकडे बघायचे असतील तर उधाण चालेल, पण मग तो कार्यक्रम दिवसाउजेडी ओहोटी येईल अशा तिथीला ठेवा.

पाणी परत येतं ते किती वेगाने? भरतीचे सहा तास सारख्या चालीचे नसतात. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाचा फरक चार मीटर धरला तर तिसऱ्या तासात एक मीटर पाणी वाढतं. किनाऱ्याचा उतार शंभरात एक धरा. म्हणजे त्या एका तासात पाण्याची कड १०० मीटर आत सरकते. पहिल्या तासात मात्र काहीच होत नाही असं वाटतं, आणि फसगत होते ती त्यामुळेच. शिवाय वाळू सपाट दिसली तरी मध्ये चर असतात. पाणी समोरून यायच्या आधी ते चर तुमच्या मागून भरतात, आणि परतीच्या वाटेवर गुडघाभर, मग मांडीभर पाणी लागतं. नियम एकच पाळा: ओहोटी पूर्ण झाली की परत फिरायचं. चढ सुरू झाल्यावर ‘अजून पाच मिनिटं’ नाही.

गाडी वाळूवर घालू नका. हे सांगूनही दर सुट्टीत कुणाची तरी रुतते. ओली वाळू चालताना टणक लागते, कारण कणांमधलं थोडं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की तीच वाळू पातळ होते आणि गाडी पोटावर बसते. रुतलीच तर गाडीला रेस देणं थांबवा, सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांखाली पायपोस किंवा फळ्या घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडा. भरतीची कड जवळ येत असेल तर आधी माणसं आणि कागदपत्रं वर न्या, गाडीचा विचार नंतर. गाडी सुटलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्या; खारं पाणी ब्रेकच्या भागांना आणि वायरिंगच्या जोडांना खातं.

खाडीच्या मुखाशी वाळू नसते, गाळ असतो, तो गुडघ्यापर्यंत आत घेतो. पाय अडकला तर ओढाताण करू नका, मागे रेलून वजन पसरवा, एक पाय हळूहळू हलवत मोकळा करा, चप्पल गेली तर जाऊ द्या. जेलीफिशचा दंश झाला तर गोडं पाणी ओतू नये, चोळूही नये. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, वीस मिनिटं ठेवा. श्वास लागला, चेहरा सुजला, तर थेट दवाखाना. पाकटाचा काटा लागला तरी गरम पाण्याचाच उतारा, पण जखम डॉक्टरला दाखवावी लागते. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घसटत चाललं तर पाकट आधीच सरकतो.

कुठल्या किनाऱ्यावर जायचं याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पाण्यात उतरायचं तर उत्तरेला चिंचणीकडे. नवापूरच्या बाजूला औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी समुद्रात सोडणारी वाहिनी आहे, तिथे मुलांना पाण्यात घालू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मोजणीत तारापूर औद्योगिक क्षेत्र देशातल्या सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांत अगदी वर होतं. कॉलनी हिरवीगार असली तरी वारा फिरला की रात्री रसायनांचा वास येतो. दमा असलेल्यांनी इनहेलर उशाशी ठेवावा, खिडकी लावून झोपावं.

मुलं प्रश्न विचारतात, आणि उत्तरं तयार असावीत. ‘इथे धुराडं का धूर सोडत नाही?’ कारण जळत काही नाही. युरेनियमच्या अणूचं विभाजन होऊन उष्णता निघते, तिच्याने पाण्याची वाफ होते आणि वाफ टर्बाइन फिरवते. उंच नळकांडं दिसतं ते इमारतीतली हवा गाळून सोडण्यासाठी. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. देशातलं हे पहिलं व्यावसायिक अणुवीज केंद्र. त्या संचांत वाफ थेट अणुभट्टीतच तयार होते आणि प्रत्येकाची क्षमता १६० मेगावॉट आहे. तिसरा आणि चौथा संच वेगळ्या जातीचे, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणारे, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, २००५-०६ मध्ये सुरू झालेले.

‘मग समुद्रच का लागतो?’ हा खरा चांगला प्रश्न. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करावं लागतं. उष्णतेच्या तीन भागांतला जेमतेम एक भाग विजेत बदलतो, उरलेले दोन कुठेतरी सोडावेच लागतात. जिथे समुद्र नाही तिथे त्यासाठी ते पोटाशी निमुळते होणारे अवाढव्य कूलिंग टॉवर बांधतात. इथे ते नाहीत, कारण ते काम समुद्र करतो. ५४० मेगावॉटच्या एका संचासाठी अकराशे मेगावॉटच्या वर उष्णता पाण्यात जाते. पाणी ७ अंशांनी तापेल असं धरून गणित मांडलं, तर सेकंदाला ४० हजार लिटरच्या आसपास समुद्राचं पाणी फिरवावं लागतं. मुंबईच्या सोसायट्यांत येतो तसला दहा हजार लिटरचा टँकर धरा. असे चार टँकर, दर सेकंदाला. आत येणाऱ्या पाण्याबरोबर शेवाळ, मासे, जेलीफिश, प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात, म्हणून फिरत्या जाळ्या लागतात. नळ्यांत शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन द्यावं लागतं. आपण किनाऱ्यावर टाकलेली वेफर्सची पिशवी अशा जाळीत जाऊन बसू शकते, हे मुलांना सांगितलं की त्या कचऱ्याचा अर्थ त्यांना वेगळा लागतो.

‘रेडिएशन लागेल का?’ हा आजींचा प्रश्न. तो हसण्यावारी नेऊ नये, आकड्यांत उत्तर द्यावं. जमीन, आकाश, अन्न यांतून प्रत्येकाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. केंद्रामुळे सामान्य माणसाला त्यावर आणखी वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये अशी मर्यादा आहे. भाभा अणु संशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा इथल्या परिसरातलं पाणी, दूध, मासळी, माती यांचे नमुने नियमित तपासते. एका रात्रीच्या मुक्कामात काळजी करायची ती भरतीची.

तरीही भोंगा वाजला तर काय करायचं हे यजमानाकडून पहिल्याच दिवशी समजून घ्या. सराव ठरलेला असेल तर त्यांना आधी माहीत असतं. तसा नसेल तर घरात जायचं, खिडक्या-दारं लावायची, बाहेरची हवा ओढणारा एसी आणि पंखा बंद करायचा, उघडं अन्न-पाणी झाकायचं आणि घोषणा ऐकायची. स्वतःच्या डोक्याने गाडी काढून चिल्हार फाटा गाठायचा नाही. रस्ते बचावाच्या गाड्यांसाठी मोकळे लागतात. आयोडिनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. रात्री जमीन हलल्यासारखी वाटली तर त्याचा केंद्राशी संबंध जोडू नका. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका लागली होती. धक्का बसला तर टेबलाखाली, आणि थांबल्यावर जिन्याने मैदानात.

किनाऱ्यावरून आल्यावर बाहेरच्या नळाखाली पाय, खेळणी आणि चपला धुऊन मगच घरात शिरा. क्वार्टरच्या न्हाणीघरात वाळू गेली की ट्रॅपमध्ये बसते, आणि दोन दिवसांनी पाणी तुंबतं, तुम्ही गेल्यावर. ओल्या फोनला चार्जर लावू नका, खारट ओलाव्याने पिनांवर हिरवट गंज चढतो. संध्याकाळी सहा ते आठ डास जास्त, तेव्हा मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची चार पाकिटं, विजेरी आणि एक जुनी चादर एवढं किनाऱ्यावर न्यायच्या पिशवीत असलंच पाहिजे.

खाण्याची ऋतुनुसार अपेक्षा ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या पापलेटाची वाट बघू नये, आणि तसंही पावसाळ्यात हा मुक्काम करू नये. एप्रिल-मेमध्ये ताडगोळे: सोलण्याआधी दाबून बघा, मऊसर आणि पाण्याने भरलेला घ्या, कडक झालेला पोटाला जड जातो. थंडीत रस्त्याकडेला मडक्यात शिजवलेली उकडहंडी मिळते, कंद आणि शेंगांची. ती गरम असतानाच खायची. आमच्या मते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे तीन महिने सगळ्यात चांगले.

वेळ उरला तर तारापूरचा किल्ला बाहेरून बघून या. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतला. बाजी भीवराव रेठरेकर तिथे पडले. किल्ला आता खाजगी ताब्यात आहे, आत जायचं तर विचारूनच.

परतताना दोन गोष्टी हमखास घेतल्या जातात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू घेताना नखाने साल किंचित खरवडा: खाली पिवळसर दिसलं तर तो तयार, हिरवं दिसलं तर कोवळा, तो घरी सुकेल पण पिकणार नाही. कडक, तयार चिकू घेतले तर कागदात तीन ते पाच दिवसांत पिकतात. सुके बोंबील घ्यायचे तर बोटाने मोडून बघा, कटकन मोडले पाहिजेत. वाकले तर ओलसर आहेत आणि आठवड्यात बुरशी धरतील. दोन पिशव्यांत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, लोकलचा डबा आपल्या एकट्याचा नसतो.

निघताना पास परत करा आणि फाटकावरच्या वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहा. कुणी आधीच्या लोकलने पुढे गेलं असेल तर त्याची नोंद वेगळी झाली का ते बघा. आत गेलेली आणि बाहेर पडलेली माणसं जुळली नाहीत तर रात्री यजमानाचा फोन वाजतो.